नावाची राखण

पुण्याच्या मार्केट यार्डाजवळच्या एका मसाला कंपनीच्या कार्यालयात टेबलावर दोन पानी यादी पसरलेली होती. सगळ्या ओळींत कंपनीचे नाव तेच. बदलत होता तो फक्त डॉटनंतरचा शब्द: कॉम, इन, को डॉट इन, नेट, ऑर्ग, बिझ, एशिया, स्टोअर, शॉप, ऑनलाइन, साइट आणि पुढे बरेच काही. प्रत्येक ओळीपुढे मुदत संपण्याची तारीख आणि नूतनीकरणाची रक्कम. कंपनीची वेबसाइट यांतल्या एकाच नावावर चालते. बाकीची नावे दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून घेऊन ठेवलेली.

कंपनीचा ऑनलाइन व्यवहार घरातली सून सांभाळते. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, यातली निम्मी तरी सोडून देऊ. कुणी उघडून बघत नाही, आणि पैसे दरवर्षी जातात." सासऱ्यांनी यादीवरून नजर न काढता विचारले, "आणि उद्या कुणी आपल्या नावावर भेसळीचा मसाला विकला, तर गिऱ्हाईक कुणाच्या दारात येईल?"

'राखण' या विषयावर लेख हवा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा शेताची, घराची, रानाची राखण डोळ्यांसमोर आली होती. पण आज धंदा करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त राखावे लागते ते नाव. इंटरनेटवर दरवर्षी नवी एक्सटेन्शन, म्हणजे डॉटनंतरचे नवे शब्द, विकायला येतात आणि प्रत्येक वेळी तोच सल्ला मिळतो: तुमचे नाव आधी तुम्हीच घेऊन टाका. हा सल्ला मानावा का, याचे उत्तर शोधत मी डोमेन विकणारे, वकील आणि दुकानदार यांच्याकडे फिरले. सून आणि सासरे या दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मात्र यादी करताना सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली होती, असे आता मला वाटते.

डॉटनंतरचा शब्द कुणाचा?

डोमेन विकत घेतले असे आपण म्हणतो, पण ते कायमचे आपले होत नाही. ठरावीक वर्षांसाठी ते आपल्या नावे नोंदवलेले असते. या व्यवस्थेच्या वरच्या टोकाला आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. डॉटनंतरचे एकेक शब्द ती वेगवेगळ्या कंपन्यांना चालवायला देते. या कंपन्या म्हणजे रजिस्ट्री. तिच्याखाली आपल्याला नाव विकणारा रजिस्ट्रार, आणि त्याच्याखाली पेठेतला एखादा वेबसाइट बनवून देणारा.

अशाच एकाच्या दुकानात बसले असताना त्याने मनानेच एक नाव रचून टाइप केले. क्षणात पडद्यावर भावांची रांग लागली. काही नवी एक्सटेन्शन पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळत होती आणि त्यांच्याच नूतनीकरणाचा भाव हजारांत होता. "मॅडम, लोक पहिल्या वर्षाचा भाव बघून पाच-सात नावं एकदम घेतात. दुसऱ्या वर्षाचा भाव मी आधीच कागदावर लिहून देतो," तो म्हणाला. त्या सगळ्या पायऱ्यांवर घेणाऱ्याचा त्या नावाशी संबंध काय, हे विचारणारी एकही पायरी नव्हती. पैसे भरले की नाव मिळते. पहिला येईल त्याचे नाव, हा या बाजाराचा मूळ नियम आहे.

या बाजारातला एक मोठा खेळाडू मूळचा मुंबईचा आहे. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ साली डायरेक्टी ही कंपनी सुरू केली आणि तिच्यातूनच पुढे रॅडिक्स उभी राहिली. डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट टेक, डॉट साइट ही जगभर विकली जाणारी एक्सटेन्शन रॅडिक्सकडे आहेत. म्हणजे मार्केट यार्डातल्या त्या यादीतल्या काही ओळींचा पैसा मुंबईत उभ्या राहिलेल्या उद्योगाकडेच जातो. नवी एक्सटेन्शन हा खरा, कष्टाने उभा केलेला व्यवसाय आहे आणि अनेक नवउद्योजकांना त्यामुळे परवडणारे, लक्षात राहणारे नाव मिळाले आहे. प्रश्न आहे तो फक्त धास्तीपोटी होणाऱ्या खरेदीचा.

२०१२ ची धास्ती

ही धास्ती आली कुठून? २०११ च्या जूनमध्ये सिंगापूरच्या बैठकीत आयकॅनने नव्या एक्सटेन्शनांना दार उघडण्याचा निर्णय घेतला. तोवर देशांची सोडून सर्वसाधारण एक्सटेन्शन होती अवघी २२. अमेरिकेतल्या मोठ्या जाहिरातदारांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि डिसेंबरमध्ये प्रकरण सिनेटच्या समितीपुढे गेले. हजार नवी एक्सटेन्शन आली तर प्रत्येक कंपनीला आपले नाव हजार वेळा विकत घ्यावे लागेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. तरीही जानेवारी २०१२ मध्ये अर्ज घेणे सुरू झाले. एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर. अर्ज आले १,९३०, आणि त्यांतून बाराशेहून अधिक एक्सटेन्शन प्रत्यक्षात आली.

ट्रेडमार्कधारकांसाठी काही सोयीही झाल्या. २०१३ मध्ये ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस सुरू झाले. तिथे आपला नोंदणीकृत ट्रेडमार्क दाखल केला की नवे एक्सटेन्शन सर्वांसाठी खुले होण्याआधी किमान ३० दिवस नाव घेण्याचा पहिला हक्क मिळतो. खुले झाल्यावर किमान ९० दिवस, कुणी तेच नाव घ्यायला आला तर त्याला आधी सूचना दिली जाते आणि तरीही त्याने घेतले तर मालकाला कळवले जाते. पण ही सूचना अडवत नाही, फक्त सांगते. शिवाय नाव अक्षरशः जुळावे लागते. नावापुढे 'मसाले' किंवा 'ऑफर' जोडले की सहसा सूचनाही येत नाही.

काही एक्सटेन्शनांनी धास्तीचेच पैसे केले. २०११ मध्ये प्रौढांसाठीचे डॉट एक्सएक्सएक्स आले तेव्हा अमेरिकेतल्या विद्यापीठांनीही आपली नावे त्यात घेऊन ठेवली. २०१५ मध्ये 'भिकार' अशा अर्थाचे डॉट सक्स आले. ट्रेडमार्कधारकांना पहिल्या हक्काच्या काळात त्याचा भाव सुमारे अडीच हजार डॉलर होता, तोही वर्षाचा. आयकॅनने स्वतःच अमेरिका आणि कॅनडाच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणांना पत्र लिहून हा प्रकार तपासायला सांगितले. त्याच वर्षी गायिका टेलर स्विफ्टने डॉट पॉर्न आणि डॉट अ‍ॅडल्टमध्ये आपले नाव घेऊन ठेवल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. प्रत्येक बातमीनंतर सल्लागारांकडे फोन वाढत.

मग कंपन्यांनी प्रत्यक्षात केले काय? आयकॅनच्या पुनरावलोकन समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात याचे उत्तर आहे. ज्या ट्रेडमार्कांची नावे नव्या एक्सटेन्शनांत घेतली गेली, त्यांचा मध्यक आकडा होता ३. तीन-चतुर्थांश ट्रेडमार्क सात किंवा त्याहून कमी एक्सटेन्शनांवर थांबले. शंभरच्या वर जाणारे मोजकेच होते. जगातल्या कसलेल्या ब्रँडांनी सगळीकडे पहारा बसवायचा नाद सोडून दिला होता. आपल्याकडच्या लहान कंपनीने तो करावा, यासाठी मला एकही पटणारे कारण सापडले नाही.

फसवणूक कुठल्या नावाने येते

मुंबईच्या फोर्ट भागात ट्रेडमार्कची कामे करणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात मी हाच प्रश्न घेऊन गेले. त्यांनी एका प्रकरणाचे नाव सांगितले आणि ते नीट वाचायला लावले. २०२० साली अमूलचे उत्पादन विकणाऱ्या गुजरातच्या दूध महासंघाने दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. अमूलची एजन्सी देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळणाऱ्या वेबसाइट उभ्या राहिल्या होत्या. दाव्याच्या शीर्षकातच त्यांतले एक नाव आहे: अमूल, मग आडवी रेघ, मग फ्रँचायझी, आणि शेवटी डॉट इन.

या नावाची रचना पाहण्यासारखी आहे. शेवट नेहमीचा, ओळखीचा डॉट इन. फसवणूक करणाऱ्याला अनोळखी एक्सटेन्शनची गरजच पडली नाही. त्याने ग्राहकाला हवा असलेला शब्द नावाला जोडला. अमूलने जगातल्या प्रत्येक एक्सटेन्शनमध्ये आपले नुसते नाव घेऊन ठेवले असते, तरी हे नाव मोकळेच राहिले असते. एजन्सी, कस्टमर केअर, केवायसी, रिफंड, भरती, ऑफर असे जोडता येण्यासारखे शब्द कितीतरी आहेत. त्यांच्या जोड्या विकत घेऊन संपत नाहीत.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयात हिंदुस्थान युनिलिव्हरचे असेच प्रकरण न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे आले. कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या डोमेनांवर कारवाई हवी होती. डोमेनची नोंदणी कशी होते, हे त्या आदेशात फार स्वच्छ सांगितले आहे. नोंदणी यंत्राने होते, माणूस मध्ये नसतो. रजिस्ट्रार दिलेले नाव निलंबित करू शकतो. पण पुढे कधी असे नाव कुणी मागितले तर ते द्यायचे की नाही, हे ठरवत बसण्याचे काम त्याच्यावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आगाऊ बंदोबस्त न्यायालयातूनही मिळत नाही. नाव उगवले की ते दिसले पाहिजे आणि लगेच हालचाल झाली पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक खास अडचण आहे, ती रोमन लिपीतल्या स्पेलिंगची. 'लक्ष्मी' देवनागरीत एकच. रोमनमध्ये एक्स घालून, केएस घालून, केएसएच घालून ती किती तरी प्रकारे लिहिली जाते. क्षीरसागर, ज्ञानेश्वरी, वैद्य या नावांचेही तेच. ज्या दुकानाचे नाव ग्राहक तीन प्रकारे टाइप करतात, त्याने त्या तीन स्पेलिंगची डॉट कॉम आणि डॉट इन घेतलेली डझनभर नव्या एक्सटेन्शनांपेक्षा उपयोगी. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत उपलब्ध आहे आणि ज्यांचे नाव मराठी आहे त्यांनी तिथली एक जागा घ्यावी, कारण तिथे स्पेलिंगचा घोळच राहत नाही.

गेलेले नाव परत मिळवताना

सासऱ्यांची भीती मात्र पोकळ नाही. कुणी नाव बळकावलेच तर? त्यासाठी वाटा आहेत, आणि त्या पुष्कळ वापरात आहेत. १९९९ मध्ये आयकॅनने तंट्यांसाठी एक समान धोरण आखले. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव माझ्या ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतके मिळते, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले व वापरले. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढे पाच नावांपर्यंतच्या तक्रारीची फी १,५०० डॉलर आहे. तिथे २०२३ मध्ये सहा हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या आणि बहुसंख्य तक्रारी अजूनही डॉट कॉममधल्या नावांच्याच असतात. डॉट इन आणि डॉट भारतसाठी आपल्या देशात निक्सी या संस्थेची स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे. नव्या एक्सटेन्शनांसाठी झटपट निलंबनाची एक स्वस्त वाटही आहे. तिने साइट बंद पडते, नाव मात्र आपल्याकडे येत नाही.

भारतीय कायदाही पाठीशी आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळते हे मान्य केले. त्याआधी, १९९९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या नावापासून रेडिफला संरक्षण दिले होते.

या प्रत्येक वाटेवर पहिला प्रश्न एकच येतो: तुमचा ट्रेडमार्क नोंदलेला आहे का? अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात किंवा घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षे टिकते. मार्केट यार्डातल्या कंपनीने दोन पाने डोमेन घेतली होती आणि ट्रेडमार्कचा अर्ज मात्र एकाच वर्गात केला होता. त्यांच्या लोणच्यांचे नाव उघडेच होते. चुकीच्या टोकाकडून सुरुवात म्हणते ती ही.

शिवाय, समोरचा दरवेळी चोरच असतो असे नाही. आडनाव निसान असलेल्या एका अमेरिकी व्यावसायिकाने निसान डॉट कॉम घेतले होते. मोटार कंपनीने वर्षानुवर्षे खटला लढवला, तरी नाव त्याच्याकडेच राहिले. टाटा समूहाने डॉट टाटा मागितले तेव्हा मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत असल्याचे पुढे आले आणि ते एक्सटेन्शन आजतागायत अस्तित्वात आलेले नाही. डॉट टाटामोटर्स मात्र मिळाले. आपल्याकडे तर आडनावांवरच दुकाने चालतात. एकाच आडनावाचे मिठाईवाले, प्रकाशक आणि सराफ आपापल्या जागी खरे असतात. सगळीकडे नाव अडवून ठेवणारा कधीकधी दुसऱ्याचा रास्त हक्कही अडवत असतो.

एकदा घेतले की सुटत नाही

आगाऊ घेतलेल्या नावाचा खरा खर्च दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. मुदत संपली की सर्वसाधारण एक्सटेन्शनमध्ये रजिस्ट्रारनुसार काही दिवसांची, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते. मग ३० दिवस जादा दंड भरून ते सोडवता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते बाजारात मोकळे होते. अशी मोकळी होणारी नावे टिपायला यंत्रे टपलेली असतात. ज्या नावावर कधीकाळी साइट किंवा ईमेल होता, ते सोडणे धोक्याचे असते. जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे नव्या मालकाकडे जाऊ शकतात. म्हणून नाव घेताना 'हे आपण दहा वर्षे पोसणार आहोत का' हे विचारावे. सुनेने निम्मी नावे सोडायचे ठरवले, तेव्हा वकिलांनी तिला हाच निकष दिला: कधीच न वापरलेली बिनधास्त सोडा, कधीतरी वापरलेली जपा.

आणि मोठी यादी सांभाळताना मुख्य नावच निसटू शकते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट डॉट कॉमचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेलमध्ये शिरणे अनेकांना अवघड झाले. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सुरू केले.

ज्यांचे नाव खरोखर मोठे आहे, त्यांच्यासाठी आता 'ब्लॉक' विकत मिळतो. एकच वार्षिक रक्कम भरली की शेकडो एक्सटेन्शनांत ते नाव कुणालाच मिळत नाही. तेही नुसते नाव अडवते, जोडशब्द नाहीत. आणि रक्कम डॉलरमध्ये, हजारांत असते.

बँकांनी धरलेली वाट

याहून वेगळा मार्ग बँकांनी धरला आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी डॉट बँक डॉट इन जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिथे जायला सांगितले. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकाही यात आल्या. इथे नाव देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे आणि बँक नसलेल्याला नाव मिळतच नाही. स्टेट बँकेने पूर्वी स्वतःचे डॉट एसबीआय घेतले होते. तेवढा खर्च जिल्ह्याच्या बँकेला झेपला नसता. आता दोघींच्या पत्त्याचा शेवट सारखाच. ग्राहकाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: शेवट डॉट बँक डॉट इन असेल तरच पुढे जायचे.

यात राखणीचा भार नावाच्या मालकावरून नाव देणाऱ्यावर गेला आहे, आणि तो तिथेच असायला हवा. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारांनुसार रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार यांना फिशिंग, मालवेअर यांसारख्या गैरवापरावर कारवाई करणे बंधनकारक झाले आहे. ते चांगले पाऊल आहे, पण तेही नाव विकून झाल्यानंतरचे. शंभर रुपयांत कुणालाही नाव देऊन, मग त्याच्यापासून वाचण्यासाठी मालकाला दरवर्षी हजारो रुपये भरायला लावणारी व्यवस्था न्याय्य नाही.

मग किती नावे घ्यावीत?

३० एप्रिल २०२६ पासून नव्या एक्सटेन्शनांचे अर्ज पुन्हा घेण्याचे आयकॅनने ठरवले. यावेळी फी २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे सुमारे २ कोटी रुपये आहे. मंजूर एक्सटेन्शन विक्रीला आली की 'आधी घेऊन टाका' असे सांगणारे फोन पुन्हा येतील. त्यांना द्यायचे उत्तर आताच ठरवून ठेवावे.

डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत आणि ग्राहक खरोखर टाइप करतात ती स्पेलिंग घ्यावीत. ज्या देशात माल जातो त्या देशाचे एक्सटेन्शन घ्यावे. आपल्या धंद्याशी थेट जुळणारे एखाददुसरे नवे एक्सटेन्शन, म्हणजे ऑनलाइन विक्री असेल तर डॉट स्टोअर, घेतले तर ते वापरातही आणावे. नाव जाहीर करण्याआधी नोंदवावे. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुणाने २०२३ मध्येच जिओहॉटस्टार डॉट कॉम घेतले होते. उरलेला पैसा सर्व लागू वर्गांतल्या ट्रेडमार्कवर आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मिळत्याजुळत्या नावांवर नजर ठेवणाऱ्या सेवेवर खर्च करावा. आणि आपली खरी वेबसाइट कोणती, हे पाकिटावर, बिलावर, दुकानाच्या पाटीवर ठळक छापावे.

पाडव्याला नव्या वहीचे पूजन कराल तेव्हा एक काम त्याच दिवशी उरकून घ्या. आपले मुख्य डोमेन कुणाच्या नावे आणि कुणाच्या ईमेलवर नोंदलेले आहे, हे तपासा. ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या किंवा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर असेल तर बदलून घ्या, ट्रान्सफर लॉक लावा आणि पुढच्या काही वर्षांचे पैसे एकदम भरा. हे एक नाव पक्के असेल, तर बाकीच्या बाराशे एक्सटेन्शनांतली बहुतेक तुम्हाला घ्यावी लागणार नाहीत.